ऊसतोड कामगारांची मुलं आणि गावची शाळा: एका हंगामाचा प्रकरण अभ्यास

पटावर नाव चढलं की मूल शाळेत आलं, असं आपल्याकडे सरसकट धरलं जातं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या पट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत एका गाळप हंगामात जे घडलं, त्यातून ही समजूत किती अपुरी आहे ते कळतं. गाव, कारखाना आणि माणसं ओळखू येतील असा तपशील काढून टाकला आहे. निर्णय कुणी, कधी आणि का घेतले, ते मात्र शिक्षकांशी बोलून शक्य तितकं नेमकं मांडलं आहे.

पार्श्वभूमी

शाळा पहिली ते सातवीची. पट दीडशेच्या आसपास, मुख्याध्यापिका धरून सहा शिक्षक, त्याच आवारात अंगणवाडी. गाव बागायती. ऐपत असलेल्या घरांतली मुलं सकाळी पिवळ्या बसनं तालुक्याच्या इंग्रजी शाळेला जातात. त्यामुळे पट टिकवण्याची चिंता शिक्षकांना बारा महिने असते. पट घसरला की संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, शिक्षकाचं पद जातं, हे गावातल्या पालकांनाही ठाऊक आहे. पुढच्या सगळ्या घडामोडींवर या एका गोष्टीची सावली आहे.

दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, जालना आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी भागातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याजवळच्या पडीक रानात कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून) आधीच घेतलेली असते, ती फेडण्यासाठी हंगामभर राबायचं. आईबाप पहाटे तीन-चारला फडावर, म्हणजे तोडणीच्या शेतात, जातात. मागे राहिलेली दहा-बारा वर्षांची पोरगी पाणी भरते, भाकऱ्या थापते, धाकट्याला सांभाळते. मुलगे बैलांना वाढं (उसाचे हिरवे शेंडे) आणतात, गाडी हाकायला शिकतात. हा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ अख्खं त्यात जातं.

कायदा या मुलांच्या बाजूनं स्पष्ट आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 मध्ये स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून नोंदवलं आहे. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही (कलम 5), वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही (कलम 14). वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे पडलेल्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं, हे कलम 4 सांगतं. मूळ शाळेनं गाव सोडताना मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचं आणि नव्या शाळेनं त्यावर त्याला वर्गात घ्यायचं, अशी पद्धतही राज्यात आहे.

त्या वर्षी एक मोठी टोळी शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर उतरली. शाळेतले एक शिक्षक बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळेबाहेरची मुलं शोधून शाळेत आणायचं काम करायचे. त्यांनी दोन संध्याकाळी कोप्यांवर फिरून यादी केली. शाळेच्या वयाची वीसेक मुलं निघाली. निम्मी बंजारा कुटुंबांतली, घरी गोरमाटी बोलणारी. बाकीची मराठवाड्याची मराठी बोलणारी. हमी कार्ड दोघा-तिघांकडेच होतं.

अडचण कुठे उभी राहिली

प्रवेशाला फारसा त्रास झाला नाही. मुख्याध्यापिकांना सुरुवातीला धास्ती होती ती सरल पोर्टलची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीची. ही मुलं मूळ शाळेच्या पटावर होती, इथे पुन्हा नाव घातलं तर दुबार नोंद दिसणार. पटावर नाही तर पोषण आहाराचा तांदूळ कुठून आणायचा? पहिली ते पाचवीला दर मुलामागे 100 ग्रॅम आणि पुढच्या वर्गांना 150 ग्रॅम असा हिशेब असतो, त्यात वीस ताटं वाढली की महिनाअखेरीला पोतं रिकामं. त्यांनी केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवलं, हंगामी विद्यार्थ्यांची वेगळी हजेरी वही घातली आणि मूळ शाळांना फोन लावायला सुरुवात केली. आठवड्याभरात मुलं वर्गात होती.

खरी अडचण पुढच्या पंधरवड्यात दिसू लागली. तिसरीच्या वर्गात टोळीची मुलं आपोआप दाराजवळच्या रांगेत बसू लागली. त्यांना तिथे कुणी बसवलं नव्हतं, पण तिथून उठवलंही कुणी नाही. ती उशिरा यायची, धाकट्याला घेऊन यायची, मधेच निघून जायची, म्हणून दाराजवळची जागा सोयीची वाटली. महिन्याभरात त्या रांगेला मुलांनी नावही देऊन टाकलं: ऊसतोड्यांची ओळ.

दुपारच्या जेवणात गोष्ट आणखी उघडी पडली. गावातली मुलं घरून स्टीलची ताटं आणायची, मागच्या बाजूला नाव कोरलेली. टोळीच्या मुलांना शाळेच्या कपाटातली जुनी ताटं दिली गेली. जेवण झाल्यावर गावची मुलं आपापली ताटं धुऊन दप्तरात टाकायची, शाळेची ताटं वेगळ्या टोपल्यात जमा व्हायची. एके दिवशी टोळीतल्या तिसरीच्या मुलीनं घाईत गावातल्या एका मुलीचं नाव कोरलेलं ताट उचललं आणि त्यात खिचडी घेतली. ताट जिचं होतं त्या मुलीनं संध्याकाळी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिची आजी ताट परत घेऊन शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, हे ताट आता आमच्या घरात चालायचं नाही. तुमच्याकडंच ठेवा." ती टोळीतली मुलगी आठ दिवस जेवणाच्या वेळी गायब असायची. ती पाण्याच्या टाकीमागे बसून राहते, हे स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या लक्षात आलं.

त्याच सुमारास शाळा व्यवस्थापन समितीकडे तोंडी तक्रारी आल्या. पोरांच्या डोक्यात उवा झाल्या. वर्ग मागे पडतोय. शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या वर्षी हे कशाला? एका पालकानं स्पष्ट सांगितलं की ही मुलं वेगळ्या खोलीत बसवा, नाहीतर आम्ही आमची मुलं बसनं पाठवतो. हा धाक पोकळ नव्हता. तीन-चार घरं गेली असती तर पदावर परिणाम झाला असता.

आजीच्या बोलण्यामागे जात होती, शिष्यवृत्तीच्या तक्रारीमागे बहुतेक चिंता होती आणि उवांच्या तक्रारीमागे दोन्ही. शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत हे सगळं एकाच शब्दात, "पालकांचा विरोध" म्हणून मांडलं गेलं. माझ्या मते तिथेच गुंता वाढला. ज्या आईला मुलाच्या अभ्यासाची काळजी आहे तिला वेगळं उत्तर लागतं, आणि ज्याला सोबत जेवणंच मान्य नाही त्याला वेगळं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कोप्यांवरच वर्ग भरवण्याचा. एकेकाळी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालायच्या, तशी सोय एखाद्या स्वयंसेवकाकडून करून घ्यावी, असं समितीच्या अध्यक्षांचं म्हणणं. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. धाकटी भावंडं जवळ राहिली असती, उशिराचा प्रश्न मिटला असता. पण तिथे शिकवणार कोण, मूल्यमापन कुणाच्या सहीनं, जेवण कुठलं, याला उत्तर नव्हतं. बालरक्षक शिक्षकांचा मुद्दा नेमका होता: मूल कोपीवर असेल तर त्याला कुणीही, कधीही कामाला लावू शकतं. शाळेच्या भिंतीआड ते निदान पाच तास मूल असतं.

दुसरा पर्याय शाळेतच वेगळी खोली. कलम 4 च्या विशेष प्रशिक्षणाचा आधार घेऊन कागदावर तो नीट बसवता आला असता, आणि म्हणूनच तो धोकादायक होता. वर्ग तात्पुरता म्हणून सुरू होतो आणि हंगाम संपेपर्यंत तसाच राहतो. तक्रार करणाऱ्या पालकांना हेच हवं होतं. मुख्याध्यापिकांनी बैठकीत विचारलं, "आज ही मुलं वेगळ्या खोलीत बसवली, तर उद्या मागासलेल्या आळीतली मुलं कुठं बसवायची म्हणतील?" त्यावर कुणी बोललं नाही.

मुलांना गावीच हंगामी वसतिगृहात ठेवायला आईबापांना राजी करणं, हा तिसरा पर्याय. पुढच्या वर्षासाठी चांगला, पण चालू हंगामात काही उपयोगाचा नव्हता. शिवाय त्याचा फायदा जास्त करून मुलग्यांना होतो. मुलीला मागे ठेवायला आई धजत नाही, आणि कोपीवर तिच्या हातांची गरजही असते.

उरला चौथा: वयाप्रमाणे त्याच वर्गात, मिसळून, आणि मागे पडलेल्यांसाठी रोज एक जादा तासिका. सगळ्यात कष्टाचा पर्याय हाच होता. सहापैकी दोन शिक्षकांचा त्याला मनापासून पाठिंबा नव्हता. आधीच बहुवर्ग अध्यापन, त्यात नवी भाषा, गळकी हजेरी. त्यांची तक्रार कामचुकारपणाची नव्हती.

निर्णय आणि कृती

ताटांचा निर्णय सगळ्यात आधी झाला, आणि या प्रकरणातलं खरं वळण मी तिथेच मानेन. तिसरीच्या बाईंना वाटत होतं की प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला समज द्यावी, समतेवर बोलावं. मुख्याध्यापिकांनी ते टाळलं. असं भाषण झालं असतं तर दीडशे मुलांच्या माना वळून त्या एका मुलीकडे गेल्या असत्या. त्यांनी इतकंच केलं: सोमवारपासून घरून ताट आणायचं नाही, सगळ्यांना शाळेचंच ताट. ताटं कमी पडत होती, म्हणून पहिले काही दिवस दोन पंगती बसल्या. दोन्ही पंगती वर्गवार, मिसळून. पुढे लोकवर्गणीतून ताटं आली. शिक्षकही त्याच ताटात, मुलांच्या ओळीत बसून जेवू लागले.

आजी पुन्हा आल्या. मुख्याध्यापिकांनी त्यांना ऑफिसात बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की सरकारी शाळेत कुणाचंही ताट वेगळं ठेवता येत नाही, ही माझी मर्जी नसून कायदा आहे. आजींचं मन बदललं का? नाही. नातीला त्यांनी काही दिवस जेवायला घरी नेलं. मग नात मैत्रिणींसाठी हट्टानं शाळेतच थांबायला लागली. त्या घराशी वाद घालत न बसता नियम पक्का ठेवणं, हे मला या प्रकरणात सर्वांत शहाणपणाचं वाटतं. शाळेतलं वागणं नियमानं बदलता येतं. घरातला विचार बदलायला वेळ लागतो, आणि तोवर त्या मुलीला टाकीमागे बसवून ठेवता येत नाही.

उवांच्या तक्रारीवर पालकांची मागणी होती की टोळीच्या मुलांची तपासणी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येणारच होतं. मुख्याध्यापिकांनी तपासणी सरसकट ठेवली, अंगणवाडीपासून सातवीपर्यंत. उवा दोन्हीकडच्या डोक्यांत निघाल्या, आणि औषध सगळ्यांच्या हाती गेलं. याद्या मात्र भिंतीवर लावल्या नाहीत, पालकांना एकेकटं बोलावून सांगितलं.

वर्गातली बैठक बदलणं त्याहून अवघड गेलं. आधी हुशार मुलांना टोळीच्या मुलांचे जोडीदार नेमलं. दोन आठवड्यांत ते जोडीदार छोटे मास्तर झाले. वही तपासायचे, चूक दाखवायचे, दटावायचे. टोळीतला चौथीचा एक मुलगा या त्रासानं यायचाच बंद झाला. मग चौथीच्या सरांनी वजन-मापाचा पाठ फिरवून घेतला. उसाची मोळी, गाडीतल्या मोळ्या, काट्यावरचं वजन. एक टन म्हणजे दहा क्विंटल, क्विंटल म्हणजे शंभर किलो. हा मुलगा बापाबरोबर काट्यावर जात असे. भरलेली गाडी, रिकामी गाडी आणि त्यातून निघणारं उसाचं वजन तो फळ्यासमोर उभा राहून तोंडी सांगत होता. ज्यांच्या शेतातला ऊस त्या काट्यावर जातो, त्या घरांतली मुलं ऐकत होती. सरांनी मला सांगितलं की त्या तासाला पहिल्यांदा गावच्या मुलांनी त्याला प्रश्न विचारले. त्यानंतर जोड्या विषयागणिक बदलत ठेवल्या, म्हणजे कायमचा शिकवणारा आणि कायमचा शिकणारा असं कुणी उरलं नाही.

पहिली-दुसरीत भाषेचा अडसर मोठा होता. बाईंनी मुलांकडूनच गोरमाटी शब्द गोळा करून चित्रांखाली मराठी शब्दाशेजारी लिहिले: आई आणि याडी, भाकरी आणि बाटी. एवढ्यानं वाचन येत नाही, पण मुलं बोलायला लागली, आणि बोलल्याशिवाय वाचन येत नाही. गैरहजेरीसाठीही छोटी सवलत दिली. सकाळच्या हजेरीला नसलेल्या मुलाचं नाव दुपारी पुन्हा घेतलं जाई, "उशीर का?" न विचारता.

भावंडांचा प्रश्न अर्धाच सुटला. तीन ते सहा वयाची अंगणवाडीत गेली, सेविकाताईंनी नोंद करून घेतली. त्याहून लहानांचं काय? काही दिवस तिसरीच्या वर्गाच्या कोपऱ्यात साडीची झोळी बांधली होती. बाळ रडलं की वर्ग थांबे. शेवटी टोळीतल्याच एका वयस्क बाईंना, ज्यांना आता कोयता धरवत नव्हता, एका कोपीत चार-पाच तान्ही मुलं सांभाळायला लोकवर्गणीतून थोडे पैसे दिले जाऊ लागले. ही कल्पना समितीच्या अध्यक्षांची. सुरुवातीला कोप्यांवर वेगळा वर्ग मागणारे ते हेच गृहस्थ.

ते कसे वळले, हे सांगायला हवं. समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा असावी, असं कायद्याचं कलम 21 सांगतं. हंगामी पालकांना सदस्य करणं शक्य नव्हतं, म्हणून मुख्याध्यापिकांनी त्यांना निमंत्रित म्हणून बोलावलं आणि सभा आठवडी बाजाराच्या दिवशी, टोळीला सुट्टी असताना ठेवली. तिथे एका आईनं विचारलं, "माझी पोरगी इथं वाचायला शिकली, अन् गावी गेल्यावर तिला पुन्हा पहिल्या धड्यावर बसवलं तर?" अध्यक्षांना तोवर वाटत होतं की या लोकांना शाळेचं काही पडलेलं नाही. त्या एका प्रश्नानंतर त्यांचा सूर बदलला.

काय झालं

मार्चच्या मध्यात टोळी उठली. साधारण दोन-तृतीयांश मुलं तोपर्यंत टिकली होती. टाकीमागे बसणारी मुलगी नियमित होती, जोडाक्षरांपर्यंत वाचू लागली होती. गणिताचा तो मुलगा परत आला, पण हजेरी अधूनमधून. सहावी-सातवीतल्या मुली मात्र जानेवारीनंतर दिसेनाशा झाल्या. घरकाम आणि भावंडं, शिवाय मोठ्या मुलीला रस्त्यानं एकटीनं पाठवायची आईला वाटणारी भीती. त्यांच्यासाठी शाळेनं खास असं काही केलं नव्हतं, आणि हे या प्रयत्नातलं सगळ्यात मोठं अपयश आहे.

संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, एप्रिलमध्ये होतं, टोळी त्याआधी गेली. शिक्षकांनी प्रत्येक मुलाच्या आकारिक (वर्षभर रोजच्या कामावरून केलेल्या) नोंदींची प्रत, वर्गपाठाच्या वह्या आणि आपला फोन नंबर आईबापांच्या हाती दिला आणि मूळ शाळांना वर्गशिक्षकांमार्फत कळवलं. काही शाळांनी लगेच प्रतिसाद दिला. काहींनी फोन उचलला नाही.

गावातली दोन घरं जूनमध्ये इंग्रजी शाळेत गेली. टोळीच्या मुलांमुळेच गेली असं ठामपणे म्हणता येत नाही. एका घराचं आधीपासून ठरलेलं होतं. पद टिकलं. ताटं आजही शाळेचीच आहेत.

पुढच्या हंगामात ही टोळी आली नाही, दुसरी आली. शिक्षकांना ओळखी पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागल्या. हजेरीची वही, बाजाराच्या दिवशीची सभा आणि दुपारची दुसरी हजेरी मात्र तयार होती, त्यामुळे मुलं वर्गात रुळायला पहिल्या वर्षीइतका वेळ लागला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट मुकादमाची. मुलं शाळेत यावीत म्हणून बालरक्षक शिक्षकांनी सुरुवातीला मुकादमाला मध्ये घातलं. यादी झटपट झाली, पण आईबापांनी मुलं पाठवली ती मुकादमानं सांगितलं म्हणून. ज्याच्याकडून उचल घेतली त्याला नाही कसं म्हणणार? तोच मुकादम फडावर माणूस कमी पडलं की मोठ्या मुलांना बोलावून घेई, आणि तेव्हाही आईबाप नाही म्हणू शकले नाहीत. शाळेनं मुकादमाला कळवावं जरूर, पण संमती आईशी बोलून, कोपीवर जाऊन घ्यावी. यात चार संध्याकाळी जास्त जातात.

दुसरी गोष्ट वेळेची. टोळ्या कुठून आणि किती येणार, याचा करार हंगामाच्या आधीच झालेला असतो आणि कारखान्याच्या शेती विभागाला तो माहीत असतो. शाळेनं सप्टेंबरातच ती माहिती मागितली असती तर मूळ शाळांशी बोलणं मुलं यायच्या आधी झालं असतं, हमी कार्डं सोबत आली असती आणि तांदळाची मागणी वेळेत गेली असती. केंद्रप्रमुखांच्या पातळीवर हे काम सहज होऊ शकतं. एकेका मुख्याध्यापिकेनं आपल्या मोबाइलवरून सगळ्या जिल्ह्याला फोन लावत बसणं ही व्यवस्था म्हणता येणार नाही.

दाराजवळची रांग पहिल्याच दिवशी मोडायला हवी होती. वर्गात आपोआप पडलेली बैठक मुलांच्या मनात आठवड्याभरात पक्की होते, आणि मग ती बदलणं म्हणजे कुणाला तरी उठवणं ठरतं.

आणि मोठ्या मुली. त्यांना शाळेत आणायचं तर रस्त्याची सोबत आणि तान्ह्यांचा सांभाळ, या दोन्ही सोयी पहिल्या आठवड्यापासून हव्यात. ज्या कोपीत टोळीतल्या त्या वयस्क बाई तान्ही मुलं सांभाळत होत्या, ती व्यवस्था फेब्रुवारीत मोडली, कारण टोळीचा निम्मा भाग दुसऱ्या फडाजवळ हलला आणि त्या बाईही गेल्या. लोकवर्गणी आणि एका माणसाची सवड यांवर उभी राहिलेली सोय इतकीच टिकते. कारखान्यानं हंगामभर कोप्यांजवळ पाळणाघर चालवावं, अशी मागणी समितीनं ठराव करून कारखान्याकडे पाठवली आहे. या लिखाणापर्यंत त्यावर उत्तर आलेलं नाही.